सोलापुरात बेंगाल मांजर पाळायचंय? ॲडव्हान्स द्यायच्या आधी हे वाचा

आमचा सर्जा आता साडेतीन वर्षांचा झालाय. ब्राऊन रोझेटेड (तपकिरी अंगावर फुलासारखे ठिपके असलेला) बेंगाल बोका, वजन साडेपाच किलो. जुळे सोलापूरमध्ये आमच्या गल्लीत तो आल्यापासून महिन्यातून दोनतीन जण तरी विचारतात की ताई असलं मांजर आम्हाला पण पाहिजे, कुठं मिळतं, केवढ्याला पडतं. मला मनापासून वाटतं की किंमत ही सगळ्यात शेवटी विचारायची गोष्ट आहे, त्याच्या आधी बरंच काही बघावं लागतं, म्हणून ज्या क्रमानं करायला पाहिजे त्या क्रमानं एकदा बसून लिहितेय.

पहिलं काम: पैशाआधी वेळ मोजा

बेंगाल म्हणजे अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेलं साधं मांजर, असं समजून आणलं की दोन महिन्यांत घरातले सगळे वैतागतात आणि मग त्या जीवाचे हाल होतात. आपलं गावठी मांजर बऱ्याच वेळा स्वतःचं स्वतः बघतं, कुठंतरी उन्हात पडून राहतं. बेंगाल पण झोपतो, पण जागा असला की त्याला काम लागतं आणि तुम्ही काम दिलं नाही तर तो स्वतः शोधून काढतो. सर्जानं पहिल्या महिन्यात कपाटाची सरकती दारं उघडायला शिकून घेतलं, मग बाथरूमचं हँडल खाली ओढून दार उघडायला, मग बेसिनचा लिव्हरवाला नळ चालू करायला. आता आमच्या घरात बाथरूमला वरच्या बाजूला वेगळी कडी आहे.

हिशोब असा धरा: सकाळी वीस मिनिटं खेळ, संध्याकाळी वीस, रात्री झोपायच्या आधी पंधरा. म्हणजे रोजचा तासभर, आणि रोज म्हणजे खरंच रोज, घरात पाहुणे असोत नाहीतर लग्न असो. मी सगळ्यांना एक प्रयोग सांगते, मांजर आणायच्या आधी आठ दिवस ह्याच तीन वेळांना मोबाईल बाजूला ठेवून एवढा वेळ रिकामा काढून दाखवा. निघाला तर पुढं जा. नाही निघाला तर थांबा, एखादं मोठं झालेलं शांत गावठी मांजर दत्तक घ्या, त्याचाही संसार मार्गी लागेल.

बेंगाल बारा ते सोळा वर्षं जगतो. म्हणजे आज पाचवीत असलेलं पोरगं कॉलेज संपवून नोकरीला लागेल तोपर्यंत हे घरात असणार आहे, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं असतं. आमच्याकडं सासूबाईंचा होकार येईपर्यंत चार महिने गेले आणि ते चार महिने वाया गेले नाहीत असं आता वाटतं, कारण आज दुपारी तो त्यांच्याच मांडीवर असतो.

आणि एक, ‘बेंगालची ॲलर्जी होत नाही’ असं सांगून कोणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका. केस कमी गळतात हे खरं, पण ॲलर्जी होते ती मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रोटीनमुळं, आणि ते बेंगालमध्येही असतं. घरात दम्याचं कोणी असेल तर आधी एखाद्या मांजरवाल्या घरी दोनतीन वेळा तास-तासभर बसून या.

दुसरं: हे मांजर नक्की आहे काय

नावावरून वाटतं बंगालमधनं आलं असेल, पण ही जात तयार झाली अमेरिकेत. आशियात, म्हणजे आपल्या भारतातही, लेपर्ड कॅट नावाचं एक लहान रानमांजर आहे, त्याचं शास्त्रीय नाव प्रायोनायलुरस बेंगालेन्सिस, त्यावरून बेंगाल. कॅलिफोर्नियाच्या जीन मिल बाईंनी १९६३ साली लेपर्ड कॅट आणि घरगुती मांजर यांचा पहिला संकर केला, मग मध्ये बरीच वर्षं खंड पडला आणि १९८० नंतर त्यांनी पुन्हा जोमानं काम सुरू केलं. टिका या मांजरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९८६ मध्ये जातीची नोंद घेतली आणि १९९१ पासून स्पर्धेत पूर्ण दर्जा दिला. मला ह्यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे १९८२ च्या सुमारास दिल्लीच्या प्राणीसंग्रहालयात गेंड्याच्या पिंजऱ्याजवळ राहणारं एक ठिपक्याठिपक्याचं आपलं देशी मांजर जीन मिलनी अमेरिकेला नेलं आणि त्याचं रक्त ह्या जातीत आहे. उन्हात बेंगालच्या अंगावर सोनेरी चमक दिसते ना, ज्याला ग्लिटर म्हणतात, ती त्या दिल्लीकराकडनं आली असं मानतात.

हे सांगायचं कारण कौतुक एवढंच नाही. विकणारे लोक ‘एफ वन आहे, अर्धा जंगली आहे’ म्हणून भाव वाढवतात. एफ वन म्हणजे आईबापांपैकी एक थेट लेपर्ड कॅट. एफ फोर (म्हणजे चौथी पिढी) आणि त्याच्या पुढच्या पिढ्या घरात पाळायच्या, त्याच्या आधीच्या पिढ्या बुजऱ्या असतात, ठरलेल्या पेटीतच (लिटर बॉक्समध्ये) शी-शू करतील ह्याचा भरवसा नाही, सुरुवातीच्या पिढ्यांतले बोके वांझही असतात. शिवाय लेपर्ड कॅट हा आपल्याकडं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, तो घरात ठेवणं गुन्हा आहे. त्यामुळं ‘अर्धा जंगली’ ऐकलं की तिथून उठून या.

आणि आपल्या जिल्ह्यासाठी खास: ऊसतोडीच्या वेळी फडात ठिपक्यांची इवली इवली पिल्लं सापडतात, लोक फोटो पाठवून विचारतात हे बेंगाल आहे का. नाही. ती वाघाटीची नाहीतर रानमांजराची पिल्लं असतात, आई रात्री त्यांना उचलून न्यायला येते. तिथंच ठेवा, माणसं लांब करा आणि वनविभागाला १९२६ वर फोन करा. घरी आणून दूध पाजू नका, हात जोडून सांगते.

तिसरं: ब्रीडरकडं (पिल्लांची पैदास करून विकणाऱ्याकडं) गेल्यावर

फोटो बघून पैसे पाठवू नका. आम्ही पुण्याला दोन चकरा मारल्या, चार-पाच तास जायला, तेवढेच यायला, पण पिल्लाची आई बघितली, ती कुठं राहते ते बघितलं. आई पिंजऱ्यात असेल, माणूस बघून कोपऱ्यात दबत असेल तर पिल्लू कितीही देखणं असो, नको. माझ्या ओळखीतल्या एकानं व्हिडिओवर बघून ‘बेंगाल’ मागवला, पिल्लू आलं ते दीड महिन्याचं, जुलाब लागलेलं, आणि मोठं झाल्यावर कळलं की ते पट्ट्यापट्ट्याचं गावठी आहे. त्यांनी ते प्रेमानं सांभाळलं, पण पैसे गेले आणि पहिला महिनाभर पिल्लाचा जीव टांगणीला लागला होता.

पिल्लू बारा आठवड्यांच्या आत आणू नका. आईजवळ आणि भावंडांत ते चावायचं किती, पंजा मारायचा किती हे शिकतं, ते नंतर आपल्याला शिकवता येत नाही.

कागद कुठले मागायचे: आईबापांची वंशावळ, लसीकरणाचं कार्ड, आणि दोन डीएनए टेस्टचे रिपोर्ट. एक पीआरए-बी, ह्यात डोळ्याचा पडदा हळूहळू खराब होऊन मांजर वयात येता येताच आंधळं व्हायला लागतं. दुसरी पीके डेफिशिअन्सी, ह्यात तांबड्या पेशी लवकर फुटून रक्त कमी होतं. दोन्ही आजार तेव्हाच होतात जेव्हा आई आणि बाप दोघांकडून खराब जीन येतो, म्हणून दोघांचे रिपोर्ट बघायचे, एकाचा नाही. तिसरा धोका हृदयाचा, एचसीएम, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होणं. त्याच्यासाठी बेंगालमध्ये भरवशाची डीएनए टेस्ट नाही, एकोच (हृदयाची सोनोग्राफी) करावा लागतो, आम्ही सर्जाचा पुण्यात करून घेतला. ब्रीडर ह्या प्रश्नांवर चिडला तर तुम्हाला उत्तर मिळालं असं समजा.

चौथं: घर तयार करा, आणि सुरुवात पाण्यापासून

हा भाग मी जरा लांबवणार आहे कारण दुसऱ्या शहरातल्या लोकांचं मार्गदर्शन वाचून आम्ही तयारी केली आणि नेमकी सोलापूरची गोष्ट राहून गेली.

बेंगालला पाणी आवडतं. बादलीत पंजा घालून बसेल, नळाखाली डोकं धरेल, तुम्ही अंघोळीला गेलात की दाराबाहेर ओरडेल. आणि आपल्याकडं पाणी रोज येत नाही, त्यामुळं प्रत्येक घरात पिंपं, बॅरल, हौद, गच्चीवर टाकी. पहिल्या उन्हाळ्यात सर्जा सात महिन्यांचा होता, मागच्या अंगणातला निळा प्लास्टिकचा बॅरल अर्धा भरलेला आणि झाकण बाजूला राहिलेलं. मी आत शिलाई मशीनवर होते, शेजारच्या काकू ओरडल्या, ‘ओ ताई, तुमच्या बॅरलात काय तरी धडपडतंय बघा की!’ पळत गेले तर तो पोहत होता, पण गुळगुळीत प्लास्टिकला नख रुतत नव्हतं आणि वर यायला काही नव्हतं. बाहेर काढला तेव्हा अंग थंड पडलेलं, छाती भात्यासारखी उडत होती. पोहता येणं वेगळं आणि बाहेर येता येणं वेगळं, हे मी त्या दिवशी शिकले. काकू अंगणात नसत्या तर काय झालं असतं ह्याचा विचार अजून नको वाटतो.

त्यामुळं मांजर घरी यायच्या आधी: प्रत्येक बॅरलला घट्ट फिरवायचं झाकण, हौदावर कडीवाला पत्रा, गच्चीच्या टाकीचं झाकण तारेनं बांधलेलं, आणि जिथं पाणी उघडं राहणारच आहे तिथं आत एक खडबडीत फळी तिरकी उभी करून ठेवा म्हणजे चढता येईल. मग त्याच्या हौसेसाठी वेगळी सोय करा, पसरट घमेल्यात चार बोटं पाणी आणि त्यात दोन पिंगपाँगचे बॉल. अर्धा तास कुठं जातो कळत नाही.

कूलर. टाकीतलं पाणी तो पिणारच, त्यामुळं त्यात वासाचं किंवा डासांचं औषध टाकू नका. आणि अर्थिंग नीट आहे का ते वायरमनला बोलवून बघून घ्या, ओला पंजा आणि पत्र्याचा कूलर, बाकी सांगायला नको.

दोरा. आपल्या गावात अर्ध्या घरात शिलाई मशीन आहे, पूर्व भागात तर मागही. मी स्वतः घरी शाळेच्या युनिफॉर्मचं काम घेते. मांजराच्या जिभेवर आत वळलेले बारीक काटे असतात, दोरा तोंडात गेला की तो थुंकू शकत नाही, गिळत जातो, आणि लांब दोरा आतड्यात अडकला की आतडं त्याच्यावर चुणल्यासारखं गोळा होतं, मग ऑपरेशनच. सुईसकट गिळलं तर आणखी वाईट. रिळं डब्यात, काम झालं की खोली झाडून दार बंद. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, कापूही नका, तसंच उचलून डॉक्टरकडं न्या. टर्किश टॉवेलच्या लूपमध्ये नख अडकतं, त्यामुळं त्याच्या अंथरुणाला जुनी चादर बरी.

खिडक्यांना डासांची फायबरची जाळी पुरत नाही, तो एका पंजात फाडतो. स्टीलची जाळी लावा, फ्रेमला स्क्रू मारून. फिनेल घरातून काढून टाका, मांजराला फिनेलचे घटक पचवता येत नाहीत, फरशीवर चालतो, पाय चाटतो, विष पोटात. डांबर गोळ्या, कापूर, कुत्र्यांचं गोचिडाचं औषध, कांदा-लसूण, सगळं लांब. आणि ताप आला म्हणून पॅरासिटामॉल कधीही नाही, एका गोळीनं मांजर मरू शकतं.

पाचवं: पहिले पंधरा दिवस

एका खोलीत ठेवा. तिथंच लिटर बॉक्स, तिथंच पाणी, लपायला एक खोका. सगळं घर एकदम मोकळं दिलं की ते पलंगाखाली जाऊन बसतं आणि तिथंच घाण करतं. तुम्ही जाऊन नुसतं जमिनीवर बसा, पुस्तक वाचा, तेच जवळ येईल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दार उघडं ठेवायचं.

लिटर बॉक्स उंच कडांचा घ्या, बरेच बेंगाल उभ्यानं लघवी करतात. एक मांजर असलं तरी दोन बॉक्स, आणि रोज दोनदा साफ. लस: सहा ते आठ आठवड्यांपासून तिहेरी लस सुरू होते आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं द्यावी लागते, रेबीजची तीन महिन्यांनंतर. नसबंदी पाच-सहा महिन्यांत करून टाका. उशीर केला आणि एकदा बोक्याला भिंतीवर, सोफ्यावर फवारे मारायची सवय लागली की नसबंदीनंतरही ती सुटेलच असं नाही.

सहावं: खाणं, आणि शाकाहारी घराचा प्रश्न

सोलापुरात शाकाहारी घरं भरपूर आहेत आणि मला हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो की दूध-भाकरीवर राहील का. नाही राहणार. कुत्रा एकवेळ निभावतो, मांजर निभावत नाही. त्याला टॉरिन नावाचं पोषक द्रव्य लागतं, ते मांस-मासळीतच मिळतं, कमी पडलं तर डोळे जातात आणि हृदय कमकुवत होतं. दूध तर मोठ्या मांजराला पचतही नाही, जुलाब होतात. घरात मांस शिजवायचं नसेल तर बाजारात ‘कम्प्लीट फूड’ लिहिलेलं ड्राय आणि वेट फूड मिळतं, ताट वेगळं, चमचा वेगळा, आमच्या सासूबाईंनी ह्याच अटीवर परवानगी दिली. पण तेही चालणार नसेल तर मांजर आणू नका, त्यात कोणाचीच चूक नाही.

आम्ही सकाळी-रात्री वेट फूड देतो, दुपारी थोडं ड्राय, आणि आठवड्यातून दोनदा मीठ-मसाला काहीही न घालता उकडलेलं चिकन, बोटाएवढे तुकडे, तेही खेळ शिकवताना बक्षीस म्हणून. नुसतं उकडलेलं चिकन हे पूर्ण जेवण नाही, त्यात पुरेसं कॅल्शियम नसतं. आणि कडक भाकरी-शेंगाचटणीचं ताट खाली ठेवून उठू नका, तो चटणीत तोंड घालणारच आणि लसूण त्याच्यासाठी विष आहे.

सातवं: खेळ म्हणजे नक्की काय करायचं

काठीला दोरी आणि दोरीला पीस, हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं खेळणं. पण ते नुसतं तोंडापुढं हलवायचं नाही, पाखरू कसं उडतं, थांबतं, पलंगामागं लपतं तसं चालवायचं. शेवटी पकडू द्यायचं, आणि पकडल्यावर लगेच जेवण. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप, हा त्याचा क्रम आहे, रात्री तो क्रम पूर्ण झाला तर पहाटे चारला तुमच्या छातीवर उडी पडत नाही. आमच्याकडं हे बसायला तीन आठवडे लागले. खेळ झाला की काठी कपाटात, दोरी आहे ना. हातानं कुस्ती मात्र खेळू नका, पिल्लू असताना गोड वाटतं, साडेपाच किलोचा झाल्यावर रक्त निघतं.

उंची द्या. कॅट ट्री (मांजराला चढायचा तयार स्टँड) महाग वाटत असेल तर सुताराकडनं भिंतीवर पायरीपायरीनं फळ्या मारून घ्या आणि खांबाला सुतळी घट्ट गुंडाळा, नखं घासायला. शिकवा पण, बेंगाल पटकन शिकतो, सर्जा ‘बस’, ‘हात दे’ आणि नावानं हाक मारली की गच्चीवरून खाली येणं हे दोन महिन्यांत शिकला. घरात लव्हबर्ड, ससा, हॅमस्टर असेल तर मात्र बेंगाल नको. समजूतदार कुत्र्याशी पटतं.

आठवं: एप्रिल-मे

पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो तेव्हा खेळाच्या वेळा बदला, सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर. गच्चीवर दुपारी नाहीच, फरशीनं पंजे भाजतात, हाताचा पालथा तळवा ठेवून बघा, पाच सेकंद ठेववत नसेल तर मांजरालाही नाही. पाणी तीन-चार ठिकाणी ठेवा, मातीच्या परळात गार राहतं.

मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, तोल जात असेल तर उष्माघात समजा. साध्या पाण्यानं अंग आणि पंजे ओले करा, पंखा लावा, आणि लगेच निघा. बर्फाचं पाणी ओतू नका, ओल्या टॉवेलात गुंडाळूनही ठेवू नका, उष्णता आत कोंडते.

नववं: बाहेर नेणं

मोकळं सोडायचं नाही. रस्ता, कुत्री, आणि उचलून नेणारे लोक. हार्नेस (छातीला बांधायचा दोरीवाला पट्टा) घरातच आठवडा-दोन आठवडे घालून सवय करा, पहिल्या दिवशी तो जमिनीवर लोळतो, जोर करू नका. मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) करून घ्या.

आणि लोक घाबरतात, हे लक्षात ठेवा. डिसेंबर २०२० मध्ये करमाळ्याकडं नरभक्षक बिबट्यानं माणसं मारली, ती भीती जिल्ह्यात अजून आहे. सर्जा एकदा संध्याकाळी कंपाउंडवर बसलेला बघून पलीकडच्या गल्लीतल्या एका आजोबांनी बिबट्याचं पिल्लू आलंय म्हणून पोरांना काठ्या घेऊन बोलावलं होतं. मी वेळेवर पोचले. नंतर त्याला घेऊन त्यांच्या घरी गेले, आजोबांना हात लावायला दिला, आता तेच ओळखीनं हाक मारतात. तुम्ही आणलंत की पहिल्याच आठवड्यात गल्लीत सगळ्यांना दाखवून या. बिल, वंशावळीचा कागद आणि लसीचं कार्ड ह्यांचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

गड्ड्याच्या जत्रेतलं दारूकाम, गणपतीचे ढोल, दिवाळी, ह्या दिवसांत संध्याकाळी सहाच्या आत मांजर आतल्या खोलीत, पंखा चालू, खिडक्या बंद.

गावाला जायचं असेल तर एका रात्रीसाठीसुद्धा एकटं ठेवू नका. आम्ही कुठंही निघालो की भाची राहायला येते, तिच्यासाठी फ्रीजवर एक कागद चिकटवलाय: खाणं कधी आणि किती, खेळ कधी, काठी कुठल्या कपाटात, डॉक्टरांचे दोन नंबर, एक नेहमीचे आणि एक रात्री फोन उचलणारे. हे रात्रीचे डॉक्टर मांजर आणायच्या आधीच शोधून ठेवा, स्वतः जाऊन विचारा की मांजराला सलाईन लावता का, एक्स-रे आहे का, कारण कुत्री बघणारे पुष्कळ मिळतात, मांजर हाताळायचा सराव असलेले कमी.